‘बांधकामातील बेरोजगार’ की ‘बांधकामातून बेरोजगार झालेले’?

एका वाचकांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. ते एका अहवालाचे मराठी रूपांतर करीत असून त्यात बेरोजगारीची आकडेवारी उद्योगांप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांप्रमाणे मांडलेली आहे. बेकार, बेरोजगार आणि निरुद्योगी यांपैकी कोणता शब्द वापरावा, हा त्यांचा पहिला प्रश्न. ‘बांधकाम उद्योगातील बेरोजगार’ हा शब्दप्रयोग त्यांना खटकतो, कारण जो बेरोजगार आहे तो उद्योगात कसा असेल, हा दुसरा. स्त्रियांसाठी ‘बेरोजगार’चे वेगळे रूप हवे का, हा तिसरा. तिन्ही प्रश्न दिसतात व्याकरणाचे, पण त्यांची उत्तरे आकडे कसे मोजले जातात यावर अवलंबून आहेत; म्हणून मी दोन्ही गोष्टी हातात हात घालून मांडतो.

बेकार आणि बेरोजगार हे दोन्ही शब्द फारसी घडणीचे आहेत. ‘बे’ म्हणजे वाचून, विना. ‘कार’ म्हणजे काम. ‘रोज’ म्हणजे दिवस. ‘रोजगार’ या शब्दाचा फारसीतला रूढ अर्थ काळ, जमाना असा आहे. आपल्याकडे मात्र उपजीविकेचे साधन हाच त्याचा मुख्य अर्थ होऊन बसला. मराठीने ‘रोज’ला दिवसाच्या मजुरीचाही अर्थ दिला. रोजाने कामाला जाणे, रोजंदारी, आणि मला फार अर्थपूर्ण वाटणारा ‘आजचा रोज बुडला’ हा प्रयोग त्यातूनच आला. दिवस आणि त्या दिवसाची कमाई अशा दोन्ही गोष्टी एका शब्दात बुडतात.

‘बेकार’चा अर्थ मात्र घसरत गेला. निरुपयोगी, टाकाऊ, वाईट या अर्थांनी आपण तो इतका सर्रास वापरतो की माणसाला ‘बेकार’ म्हटले की त्याच्या कामाच्या अभावाबरोबर त्याच्या किमतीवरही शेरा मारल्यासारखे होते. भाववाचक ‘बेकारी’ला हा डाग तितकासा लागलेला नाही, हंगामी बेकारी, छुपी बेकारी, बेकारी भत्ता हे शब्द व्यवस्थित टिकून आहेत आणि ते बदलण्याचे कारण नाही. माणसांविषयी लिहिताना बेरोजगार आणि स्थितीविषयी लिहिताना बेरोजगारी किंवा बेकारी, असा माझा कौल आहे.

‘निरुद्योगी’ मात्र या ठिकाणी चूकच आहे, आणि ती चूक कोणती हे समजून घेण्यासारखे आहे. संस्कृतात उद्योग म्हणजे प्रयत्न, खटपट. म्हणून जो हातपाय हलवीत नाही तो निरुद्योगी. आता आकडेवारीतला बेरोजगार पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली भरणाऱ्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने १९८२ साली जी व्याख्या ठरवली, तिच्यात तीन अटी आहेत: ठरावीक अल्प कालावधीत, बहुधा एका आठवड्यात, त्या व्यक्तीला काम नव्हते, काम मिळाल्यास ते करायला ती उपलब्ध होती, आणि तिने काम शोधण्यासाठी काही प्रत्यक्ष खटपट केली होती. म्हणजे खटपट न करणारा माणूस या व्याख्येत बसतच नाही. जो निरुद्योगी तो बेरोजगार नव्हे, आणि जो बेरोजगार तो व्याख्येनेच उद्योगी. ज्या माणसाने महिनाभर दारोदार चौकशा केल्या, त्याला आपण निरुद्योगी म्हणावे हा त्याच्यावर शुद्ध अन्याय आहे.

दुसऱ्या प्रश्नात विचारणाऱ्यांचा कान अचूक आहे. ‘-तील’ हा प्रत्यय सप्तमीच्या घरातला. तो वस्तू कशाच्या आत आहे हे सांगतो. विहिरीतील पाणी विहिरीतच असते. बेरोजगार मनुष्य मात्र बांधकामातून बाहेर पडलेला असतो, आणि बाहेर पडणे सांगायला मराठीत पंचमीचा ‘-ऊन’ आहे. उद्योगवार बेरोजगारी मोजताना व्यक्तीचे शेवटचे काम ज्या उद्योगात होते, त्या उद्योगाच्या खात्यात तिला धरतात. तेव्हा जो अर्थ तक्त्यात आहे तो ‘बांधकामातून बेरोजगार झालेले’ असा आहे. मथळ्याला हे लांब वाटत असेल तर ‘शेवटच्या कामाच्या क्षेत्रानुसार बेरोजगार’ असे लिहून खाली नुसते बांधकाम, कारखानदारी, शिक्षण, आरोग्यसेवा असे रकाने द्यावेत. असे केल्याने आणखी एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते: ज्यांनी आजवर कधी नोकरीच केलेली नाही, जे शिक्षण संपवून पहिल्यांदाच काम शोधत आहेत, त्यांना शेवटचे क्षेत्रच नसते, म्हणून सर्व क्षेत्रांची बेरीज एकूण बेरोजगारांएवढी येत नाही. ‘-तील’ लिहिले की वाचकाला ही तफावत छापखान्याची चूक वाटते.

मी येथे ‘उद्योग’ऐवजी ‘क्षेत्र’ म्हणतो आहे तेही जाणूनबुजून. उद्योग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. शाळा किंवा रुग्णालय हा उद्योग आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व्यवहारांच्या वर्गीकरणाच्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत मात्र शेतीपासून कलाक्षेत्रापर्यंत आणि घरकामगार ठेवणाऱ्या कुटुंबांपर्यंत एकवीस विभाग आहेत. क्षेत्र आणि व्यवसाय यांचीही गल्लत होऊ देऊ नये. कारखान्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिकेचा व्यवसाय परिचर्येचा, पण क्षेत्र कारखानदारीचे. कारखाना बंद पडला तर तिची नोंद कारखानदारीतून बेरोजगार झालेली अशी होईल, मग रुग्णालयांना परिचारिका मिळत नसल्या तरीही.

क्षेत्राक्षेत्रांतला फरक किती मोठा असतो हे अमेरिकेच्या दोन आकड्यांवरून दिसेल. फेब्रुवारी २०१० मध्ये तेथे एकूण बेरोजगारी दहा टक्क्यांच्या आसपास असताना बांधकाम क्षेत्राचा दर २७.१ टक्के होता. एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या टाळेबंदीत, करमणूक आणि हॉटेल व्यवसायाचा दर ३९.३ टक्क्यांवर गेला. पहिल्या वेळी घरबांधणी आणि कारखाने यांना फटका बसला, आणि तेथे पुरुषांची संख्या मोठी. म्हणून त्या मंदीत पुरुषांचा बेरोजगारी दर स्त्रियांपेक्षा स्पष्टपणे वर गेला. दुसऱ्या वेळी समोरासमोर सेवा देणारी कामे थांबली, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे. त्या महिन्यात प्रौढ पुरुषांचा दर १३.० आणि प्रौढ स्त्रियांचा १५.५ टक्के नोंदला गेला. म्हणजे अहवालातले दोन तक्ते, क्षेत्रांचा आणि स्त्री-पुरुषांचा, ही पुष्कळदा एकाच घटनेची दोन दर्शने असतात. रूपांतर करताना दोन्हींत शब्द एकसारखे ठेवले तरच वाचकाला तो दुवा सापडेल.

मात्र स्त्री-पुरुषांतला सगळा फरक क्षेत्रांतून उलगडत नाही, आणि याचा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. काम सुटलेल्या पुरुषाविषयी आपण म्हणतो, ‘तो घरी बसला आहे.’ स्त्रीविषयी म्हणतो, ‘ती घरीच असते.’ ‘बसला’ या क्रियापदात थांबलेपण आहे, आधी चालत होता आणि आता खोळंबला असा भाव आहे. ‘असते’ या क्रियापदात काहीही थांबलेले नाही. ती तिची सदाचीच स्थिती ठरते. आधी नोकरी करीत असलेल्या आणि ती सुटलेल्या स्त्रीविषयीदेखील काही महिन्यांनी ‘आता घरीच असते’ असे म्हटले जाते. क्रियापद बदलले की ती बेरोजगारांतून निघून गृहिणींत जाते, आणि आकडेवारीतही बरोबर हेच घडते.

हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. शंभर पुरुषांपैकी सत्तर कामावर आहेत, दहा काम शोधत आहेत, वीस दोन्हींत नाहीत. शंभर स्त्रियांपैकी तीस कामावर आहेत, पाच शोधत आहेत, पासष्ट दोन्हींत नाहीत. बेरोजगारी दर काढताना भागाकार शंभराने करीत नाहीत. कामावर असलेले आणि काम शोधणारे यांच्या बेरजेने, म्हणजे श्रमशक्तीने करतात. पुरुषांचा दर ऐंशीपैकी दहा, म्हणजे १२.५ टक्के, स्त्रियांचा पस्तीसपैकी पाच, म्हणजे सुमारे १४.३ टक्के. बेरोजगार पुरुष दुप्पट असूनही दर स्त्रियांचा जास्त. आता त्या पाच स्त्रियांनी कंटाळून शोध सोडला, तर स्त्रियांचा बेरोजगारी दर शून्य होतो. एकीलाही काम मिळालेले नसते. म्हणून ‘बेरोजगार स्त्रियांचे प्रमाण’ असे मोघम लिहू नये. ‘श्रमशक्तीतील स्त्रियांपैकी बेरोजगार’ असे लिहावे. येथे ‘-तील’ योग्य आहे, कारण काम शोधणारी व्यक्ती क्षेत्राबाहेर असली तरी श्रमशक्तीच्या आतच असते.

घरकामाविषयीही एक दुरुस्ती लक्षात ठेवावी. तज्ज्ञांच्या याच परिषदेने २०१३ साली काम आणि रोजगार यांची फारकत केली. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम तो रोजगार. स्वतःच्या घरासाठी केलेला स्वयंपाक, मुलांची व आजाऱ्यांची देखभाल हेही कामच, पण रोजगार नव्हे. त्यामुळे ‘काम न करणाऱ्या स्त्रिया’ हा शब्दप्रयोग आता भाषेच्या दृष्टीने जितका असंवेदनशील, तितकाच व्याख्येच्या दृष्टीने चुकीचा आहे. ‘रोजगारात नसलेल्या स्त्रिया’ असे म्हणावे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ‘बेरोजगार’ हे अविकारी विशेषण आहे: बेरोजगार मुलगा, बेरोजगार मुलगी, बेरोजगार माणसे. ‘ई’ लावून स्त्रीलिंगी रूप करण्याची वाट बंद आहे, कारण ‘बेरोजगारी’ने ती जागा आधीच अडवली आहे. मात्र ‘बेरोजगार’ एकटा, नामासारखा वापरला की मराठीत तो पुल्लिंगी होतो. ‘हजारो बेरोजगार जमले’ या वाक्यात वाचकाला पुरुषांचाच जमाव दिसतो. तुमच्या तक्त्यात म्हणून नुसते ‘बेरोजगार’ न लिहिता ‘बेरोजगार स्त्रिया’ आणि ‘बेरोजगार पुरुष’ असे दोन्ही रकाने पूर्ण नावाने द्यावेत.

अहवालाला प्रश्नावली जोडलेली असेल, तर तिच्या रूपांतरात अधिक जपावे लागेल. ‘आपण बेरोजगार आहात का?’ असा प्रश्न घरात असणाऱ्या स्त्रीला विचारला तर ती बहुधा नाही म्हणेल, कारण हा शब्द आपल्यासाठी आहे असे तिला कधी कोणी सांगितलेलेच नाही. त्याऐवजी तीन साधे प्रश्न क्रमाने यावेत: गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी तासभर तरी काम केलेत का? गेल्या चार आठवड्यांत काम मिळवण्यासाठी काही प्रयत्न केलेत का? आणि काम मिळाले तर करायला तयार आहात का? पहिल्या दोहोंना ‘नाही’ म्हणणारी स्त्री तिसऱ्याला ‘मिळालं तर करीन की’ असे उत्तर देते, तेव्हा २०१३च्या ठरावानुसार तिची नोंद बेरोजगारांत होत नाही, पण तिच्यासाठी निराळा गट केलेला आहे. त्याला मी ‘संभाव्य श्रमशक्ती’ असा शब्द सुचवतो, आणि तुमच्या तक्त्यात तो रकाना असेल तर तो स्त्रियांच्या बेरोजगारी दराच्या शेजारीच ठेवावा.