बाळाच्या सामानाची यादी आणि रात्री दोन वाजता कोण उठणार

आठवा महिना लागलेल्या एक बाई नवऱ्याबरोबर समुपदेशनाला आल्या, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये बाळाच्या सामानाची यादी होती. साठाहून जास्त वस्तू. नवरा म्हणत होता, "अगं, लागेल तसं मागवू ना." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "आणि ऐनवेळी धावपळ कोण करणार?" यावरून दोघांत अबोला धरण्यापर्यंत गेलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण 'काही राहून तर गेलं नाही ना' ही धास्ती पहिलटकरणींमध्ये कायम दिसते.

वस्तूंची यादी करायला घेतली की ती संपत नाही. म्हणून दोघांना यादी बाजूला ठेवून एक रात्र कागदावर लिहायला सांगितली. बाळ घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली, रात्री दहा ते सकाळी सहा. बाळ कुठे झोपलंय, रडलं तर कोण उठणार, कुठे बसून पाजणार, ओलं लंगोट कुठे टाकणार, दिवा कोणता लावणार. या कागदावर जी वस्तू लागते ती आता घ्यायची. बाकीच्या सहा आठवड्यांनंतर बघायच्या.

पहिला प्रश्न झोपायच्या जागेचा. नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, त्यामुळे कंजूषी करायची तर इथे नको. मात्र 'चांगली जागा' म्हणजे मऊ जागा नव्हे. घट्ट, सपाट गादी आणि तिच्यावर ताणून बसणारी चादर, एवढंच. उशी, लोड, सैल पांघरूण, मऊ खेळणी काही नको. नाकातोंडावर काही आलं तर मान फिरवून सुटका करून घेण्याची ताकद या वयात नसते. पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्याही त्यांच्या यादीत होत्या. अमेरिकेने त्यांच्यावर 2022 साली कायद्याने बंदी घातली आहे. बाळाला झोपवायचं उताणं, आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतंत्र जागी.

नात्यातून एक वापरलेला पाळणा मिळणार होता. जुना म्हणून नाकारायचं कारण नाही, पण मोजमाप हवं. दांड्यांमधलं अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचं धड त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. एक बाजू खाली-वर सरकणारा पाळणा घेऊच नये, कारण खटका ढिला झाला की फट तयार होते. नवऱ्याने घरी जाऊन दांड्या मोजल्या, त्या ठीक निघाल्या. मग गादी आणि कठडा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. दोन बोटं आरामात शिरली तरी गादी लहान समजायची, इथे चार शिरत होती. "कडेने दुपटी खोचली तर?" असं त्याने विचारलं. चालणार नाही, कारण मऊ भर हाच तर धोका आहे. पाळण्याच्या मापाची नवी गादी घ्यायचं ठरलं.

बाकीचं पटापट सुटलं. लंगोट किंवा डायपर दिवसाला 8 ते 12 लागतात. नवजात मापाचं एकच लहान पाकीट घ्यावं, कारण काही बाळं जन्मतःच त्या मापापेक्षा मोठी असतात. समोरून उघडणारी सहा-आठ झबली पुरतात. तयार चेंजिंग टेबलापेक्षा जमिनीवर अंथरलेली जलरोधक चटई बरी, तिथून बाळ पडत नाही. ब्रेस्ट पंपाची खरेदी थांबू शकते. त्याच्या फनेलचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाचं, माप चुकलं तर दुखतं आणि दूधही कमी निघतं, आणि ते माप बाळंतपणाआधी नीट कळत नाही. बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर मात्र पंप लगेच लागतो. तेव्हा तो कुठून मिळेल याची चौकशी आधीच करून ठेवावी.

कारने घरी यायचं असेल तर कार सीट पहिल्या दिवसापासून हवी, मागे तोंड करून बसवलेली. पट्टा जातो त्या जागी धरून हलवल्यावर ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे. वापरलेली सीट घ्यायची तर तिला अपघात झालेला नाही याची खात्री हवी, आणि तिच्यावर छापलेली मुदत बघायची.

अडलं ते एकाच वस्तूवर, बाळाच्या पायात घालायच्या श्वास-मॉनिटरवर. निरोगी बाळांमध्ये अशा यंत्रांमुळे झोपेतले आकस्मिक मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि खोटे अलार्म वाजतात ते वेगळंच. हे ऐकूनही बाई हटेनात. अलार्म वाजल्यावर काय होईल असं वाटतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "निदान याला तरी जाग येईल."

भांडण खरेदीचं नव्हतंच. नवऱ्याला तोवर वाटत होतं, पाजायचं काम आईचं, मग आपण उठून करायचं काय? पण नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं आणि प्रत्येक वेळी पाजण्याखेरीज चार कामं असतात. बाळाला उचलून आईजवळ आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा उताणं झोपवणं. ही चारही रात्री दहा ते दोन या वेळात त्याने करायची असं कागदावर लिहिलं गेलं. दोननंतरचं काय, यावर मात्र थोडी घासाघीस झाली. शेवटी पहाटे पाचनंतरची पाळीही त्याच्याकडे गेली. मॉनिटरवर फुली बाईंनी स्वतः मारली.

वॉकर तर पुढच्या यादीतूनही गेला. पायऱ्यांवरून गडगडण्याच्या अपघातांमुळे कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, आणि त्याने मूल लवकर चालायला लागतं हाही गैरसमजच.

साठ वस्तूंच्या त्या यादीत साधा डिजिटल थर्मामीटर मात्र नव्हता. तो नवऱ्याने लिहून घेतला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्यायचं असतं.