दहावीनंतर गणित सोडलं, आता इकॉनॉमिक्स झेपेल का?

प्रश्न: ताई, मी आर्ट्सची, गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आता बीए इकॉनॉमिक्सला आलेय आणि पहिल्याच महिन्यात डेरिव्हेटिव्ह समोर आलं, काहीच कळत नाही. कुठून सुरू करू?

उत्तर: अगं, डेरिव्हेटिव्हपासून नको, आधी नववी-दहावीची बीजगणिताची पुस्तकं काढ आणि समीकरणं, घातांक, आलेख हे हाताने सोडव, नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही. आलेखाचा चढ म्हणजे स्लोप एकदा कळला की डेरिव्हेटिव्ह म्हणजे तोच चढ, फक्त वाकड्या रेषेवर एका ठिकाणी मोजलेला.

हे बघ, वडापावच्या गाडीचा रोजचा खर्च समज ५०० + २०q + q², q म्हणजे किती डझन वडे. १० डझनला खर्च ८०० रुपये, ११ डझनला ८४१, म्हणजे अकराव्या डझनाला ४१ रुपये लागले. आता डेरिव्हेटिव्ह काढ (५०० चं शून्य, २०q चं २०, q² चं २q), म्हणजे २० + २q, q = १० टाकलं की ४०. जवळपास तेच ना? यालाच मार्जिनल कॉस्ट म्हणतात, आणि अर्धं मायक्रो (एकेक ग्राहक, एकेक कंपनी कसे निर्णय घेतात ते शिकवणारं इकॉनॉमिक्स) याच्यावरच उभं आहे, म्हणून इथे घाई करू नकोस, दोन आठवडे गेले तरी चालतील.

फायनान्सचा पेपर असेल तर लॉग (लॉगरिदम, म्हणजे घातांक किती ते उलट शोधणं) सोडू नकोस. ८ टक्के चक्रवाढीने पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं? २ चा लॉग भागिले १.०८ चा लॉग, उत्तर साधारण ९ येतं, कॅल्क्युलेटरवर करून बघच. मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकटीतले तक्ते) आणि लाग्रांज (अट पाळून जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किंमत काढायची पद्धत) नंतर, पुढच्या सेमिस्टरला.