वाचकांचे प्रश्न : आधी केबल की आधी वाय-फाय?

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या ऑफिसात एकाच संगणकावर हिशेब, वजनकाट्याच्या पावत्या आणि गाठी-सरकीच्या गाड्यांची ई-वे बिलं निघतात. वजनकाट्याचा संगणक आणि प्रिंटर लॅनच्या (ऑफिसातल्या यंत्रांच्या आपसातल्या जाळ्याच्या) केबलवर आहेत, त्या लॅनला इंटरनेट नाही. इंटरनेट वाय-फायवरून घेतो. केबल लावली की ई-वे बिलाचं पान उघडत नाही. केबल काढली की पान उघडतं, पण प्रिंटर गायब. दारात गाड्या उभ्या असताना दिवसातून दहा वेळा केबल काढ-घाल चालते. कुणी म्हणालं मेट्रिक बदला. किती आकडा टाकू? (विंडोज १०)
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : मेट्रिक म्हणजे जोडणीचा पसंती-क्रमांक, लहान तो आधी. त्या आकड्याकडे नंतर येऊ. तुमचं दुखणं बहुधा गेटवेचं, म्हणजे लॅनमधून बाहेर जायच्या दाराचं आहे.

संगणक आधी पत्ता बघतो. प्रिंटर १९२.१६८.१.५० वर असेल आणि तुमच्या केबलच्या पत्त्याचेही पहिले तीन आकडे १९२.१६८.१ असेच असतील, तर तो निरोप थेट केबलने जातो, तिथे मेट्रिकचा संबंधच येत नाही. बाहेरच्या पत्त्यांसाठी मात्र गेटवे लागतो. तुमच्या लॅनवरचा राउटर इंटरनेट नसतानाही ‘बाहेर जायचंय? माझ्याकडून जा’ असं सांगत बसलेला असणार. वाय-फायही तेच सांगतं. दोन्ही दारं उघडी दिसली की विंडोज लहान मेट्रिकचं दार निवडतं. हा आकडा ते जोडणीच्या वेगावरून स्वतःच ठरवतं : १ गिगाबिटच्या केबलला २५, १०० मेगाबिटच्या केबलला ३५. वाय-फायचा आकडा सहसा याहून मोठा असतो. म्हणून केबल जिंकते आणि तुमचं ई-वे बिल बंद दारावर जाऊन धडकतं.

तेव्हा ते दारच काढून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’, तिथे डावीकडे ‘चेंज अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज’. ‘इथरनेट’वर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, यादीतलं ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडून पुन्हा ‘प्रॉपर्टीज’. पत्ता हाताने भरा. लॅनचा राउटर १०० ते १९९ हे पत्ते वाटत असेल तर आपण १९२.१६८.१.२०० घ्यावा, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी टक्कर होणार नाही. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) या जागा कोऱ्या ठेवा. बदलासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागेल.

एक अट आहे. वाय-फायच्या पत्त्याचेही पहिले तीन आकडे १९२.१६८.१ असेच असतील तर यातलं काहीच धड चालणार नाही, कारण प्रिंटर कोणत्या बाजूला आहे हे संगणकाला कळणार नाही. बरेच राउटर कारखान्यातूनच या पत्त्यावर येतात, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. वाय-फायच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा (तिसरा आकडा १ ऐवजी १०) आणि राउटर एकदा बंद-चालू करा.

आता यातली मेख. गेटवे काढला की विंडोज त्या केबलला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं आणि ‘पब्लिक’ (परकं) ठरवतं. तुमच्याकडून प्रिंटरला छपाई जाईल. पण काट्यावरचा संगणक तुमच्या संगणकातलं फोल्डर उघडत असेल, तर फायरवॉल (विंडोजचा राखणदार) त्याला अडवेल. तशी गरज असेल तर गेटवे राहू द्या, आणि इथे मेट्रिक वापरा. त्याच खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा, खालची ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढा, केबलला ५० आणि तसंच वाय-फायला जाऊन १० टाका. १ ते ९९९९ मधला कोणताही आकडा चालतो, पण दोघांत अंतर ठेवा. दोन्ही जोडण्यांवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६’मध्येही हेच करा. नाहीतर काही साइट नव्या वाटेने आणि काही जुन्याच वाटेने जातात, आणि माणूस चक्रावतो.

इंटरनेटवरच्या जुन्या व्हिडिओंत ऑल्ट दाबून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधले हिरवे बाण वर-खाली करायला सांगतात. ते विंडोज ७ पर्यंत ठीक होतं. विंडोज १० मध्ये त्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : ऑफिसात फायबर आहे, राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकली आहे. फायबर गेलं तर अडायला नको म्हणून फोन यूएसबीने कायम जोडून हॉटस्पॉट चालू ठेवतो. फायबर चालू असतानाही फोनचाच डेटा दुपारपर्यंत संपतो. असं का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : आधी केबलचा वेग बघा. ‘इथरनेट’वर डबल क्लिक केलं की ‘स्पीड’ दिसतो. तिथे १.० जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस असेल तर कोडं सुटलं. यूएसबीवरचा फोन विंडोजला स्वतःचा वेग बहुतेकदा ४०० एमबीपीएसच्या वर सांगतो. प्रत्यक्षात ५ का मिळेना! त्या सांगण्यावर त्याला २५ चं मेट्रिक मिळतं, तुमच्या केबलला ३५. फोन पुढे.

केबल १०० वर का अडकते? गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. जॅकमधली उरलेल्या चारांपैकी एक तार नीट बसली नसेल तरी जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते आणि चालू राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जॅक कापून नवा क्रिंप करून घ्या. मध्ये १०० मेगाबिटचा जुना स्विच असेल तर मात्र जॅकचा दोष नाही.

जॅक सुधारला तरी बरोबरी होईल, २५ ला २५. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे केबलला हाताने १० द्या. मोठा आकडा फोनला देण्याच्या भानगडीत पडू नका. फोन बदलला, कधी यूएसबीचं पोर्ट बदललं, तरी विंडोज त्याला नवी जोडणी समजतं आणि तुमचा आकडा जुन्या नावावर पडून राहतो.

बदल लागू झाला का, हे बघायला टास्क मॅनेजरमधलं ‘परफॉर्मन्स’ उघडा आणि एखादी मोठी फाइल डाउनलोडला लावा. ज्याचा आलेख वर चढेल, त्या वाटेने डेटा येतोय.

तुमची मूळ सोय मात्र मेट्रिकने पुरी होणार नाही. रस्ता खोदताना फायबर तुटलं तरी राउटर चालूच असतो, केबलचा दिवा लुकलुकत असतो, आणि विंडोज सहसा त्याच वाटेवर अडून राहतं. त्या वेळी केबल उपटावी लागते, मग फोन लगेच कामाला लागतो. हेही आपोआप हवं असेल तर दोन इंटरनेट जोडण्या घेणारा ड्युअल वॅन राउटर घ्या.

प्रश्न : आमच्याकडे दोन वाय-फाय आहेत. लॅपटॉप नेमकं कमजोर असलेलंच पकडतो. मेट्रिक बदलून काही होत नाही.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : होणारही नाही. वाय-फायचं कार्ड एकच, आणि मेट्रिक कार्डाला लागतं, वाय-फायच्या नावाला नाही. कमजोर वाय-फायच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ बंद करा. लागेल तेव्हा हाताने जोडता येईल.

प्रश्न : केबल आणि वाय-फाय दोन्हींना सारखं मेट्रिक दिलं तर वेग दुप्पट होतो का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. एक डाउनलोड एकाच वाटेने येतं. सारखे आकडे दिले तर कोणती वाट धरली जाईल याचाच भरवसा राहत नाही, आणि बँकेच्या साइटवर मधेच वाट बदलली तर पुन्हा लॉगिन करायची पाळी येऊ शकते.