‘रिंग’ म्हणजे गोल, हे कुणी सांगितलं?

प्रश्न असा : ‘योझेफ श्ट्युबेन या जर्मन वास्तुकारावर भाषण तयार करतो आहे. कोलोन शहरातल्या त्याच्या प्रसिद्ध “रिंग”ला मराठीत वर्तुळमार्ग म्हणावं की बाह्यवळण? आणि ही रिंग म्हणजे आपल्या रिंगणाचीच सख्खी बहीण ना?’

दोन्ही शब्द नकोत, आणि बहीण तर नाहीच नाही.

बाह्यवळण आधी निकालात काढू. गावात न शिरता ट्रक बाहेरच्या बाहेर जावेत म्हणून काढलेला रस्ता म्हणजे बाह्यवळण. आपल्याकडे हल्ली त्यालाच सर्रास रिंगरोड म्हणतात. बातम्यांत म्हणतात, भूमिपूजनाच्या भाषणात म्हणतात, प्लॉट विकणारे तर ‘रिंगरोड टच’ म्हणतात. कोलोनच्या रिंगचं काम नेमकं उलटं होतं. जुनं शहर आणि नवं शहर जिथे जोडायचं, त्या सांध्यावरचा तो रस्ता. लोकांनी तिथे यावं, झाडांखाली फिरावं, नाटकाला जावं, यासाठी आखलेला.

कोलोन मध्ययुगीन तटाच्या आत कोंडलं होतं. बाहेरची जमीन प्रशियाच्या लष्कराच्या ताब्यात. शहराने ती जवळजवळ १ कोटी २० लाख मार्क मोजून विकत घेतली आणि ११ जून १८८१ रोजी सुरुंग लावून तट पाडायला सुरुवात केली. नव्या शहराच्या आराखड्याची स्पर्धा आखेनच्या दोघांनी मिळून जिंकली होती : श्ट्युबेन आणि कार्ल हेन्रिची. श्ट्युबेन तेव्हा आखेनचा शहर वास्तुकार होता. १८८१ मध्येच कोलोनने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. रिंग खुली झाली १८८६ मध्ये. बाकी त्याचं चरित्र, म्हणजे १८४५ चा जन्म, बर्लिनचं शिक्षण, १८९० सालचा नगररचनेवरचा आठशेहून जास्त आकृत्यांचा ग्रंथ, १९३६ चा मृत्यू, हे तुमच्याकडे असणारच.

आता वर्तुळमार्ग. नकाशा उघडून बघा. कोलोनची रिंग अर्धवर्तुळ आहे, तेही ओढूनताणून. दोन्ही टोकं ऱ्हाइन नदीला टेकलेली. मधला भाग सरळ तुकड्यांचा, प्रत्येक तुकड्याची रुंदी निराळी, थाट निराळा आणि नावही निराळं. दक्षिणेकडून निघालात की आधी उबियररिंग (रोमनांच्या काळात तिथे वसलेली उबी जमात), मग कारोलिंगर, झाक्सेन, झालियर, होहेनश्टाउफेन, हाब्सबुर्गर, होहेनत्सोलर्न आणि कैझर विल्हेल्म. राजघराणी इतिहासाच्या क्रमाने लावलेली आहेत. तासा-दीड तासाच्या पायपिटीत बखर संपते, आणि ती अर्थातच बांधकामाच्या वेळी गादीवर असलेल्या बादशहापाशी येऊन थाटाने रुंद होते. खुशामत अशी रस्त्याच्या रुंदीत मोजता येते!

व्हिएन्नाची रिंगही पुरती गोल नाही. तिची एक बाजू डॅन्यूबच्या कालव्यावरच्या घाटरस्त्याने भागवलेली आहे. मग जर्मन माणूस ‘रिंग’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात असतं तरी काय?

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबतो. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. तिथल्या मुख्य बाजारचौकाला जर्मन लोक ‘रिंग’ म्हणत. तो चौक चक्क आयताकृती! चार कोपरे असलेली रिंग. याच जर्मन शब्दापासून पोलिश भाषेने बाजारचौकासाठी ‘रिनेक’ घेतला, आणि आज तिथे अर्थशास्त्रज्ञसुद्धा बाजारपेठेला रिनेकच म्हणतात. दुसरीकडे हाच जर्मानिक (म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातला) शब्द फ्रँक या जर्मानिक टोळीबरोबर फ्रेंचमध्ये गेला, तिथे त्याचा अर्थ ‘ओळ’ झाला आणि इंग्रजीत तो ‘रँक’ होऊन उतरला. म्हणजे एकाच शब्दाची लेकरं : बोटातली अंगठी, चौकोनी बाजार आणि सैनिकांची सरळ ओळ. मूळ अर्थ गोल कडं हाच; त्यावरून गोलाकार जमलेली माणसं, मग त्यांनी धरलेली जागा, असा अर्थ सरकत गेला. गोलपणा वाटेत गळाला. (‘रँक’ ऐकून ज्यांना ‘रांग’ आठवली, त्यांनी जरा सबुरीने घ्यावं. ध्वनी जुळला म्हणजे गोत्र जुळत नाही.)

तेच रिंगणाबद्दल. ‘रिंगण आणि रिंग एकाच मूळ धातूचे’ असं ठणकावून सांगणाऱ्या विद्वानांशी माझं जुनं भांडण आहे. जर्मानिक शब्दाच्या सुरुवातीला मुळात ‘ह’ होता, ‘ह्रिंग’. पुढे तो गळाला. या ‘ह’च्या जागी स्लाव भाषांत ‘क’ मिळतो, म्हणून रशियन ‘क्रुग’ म्हणजे वर्तुळ. संस्कृतात असा ‘ह’ असेल तिथे ‘क’ नाहीतर ‘श’ हवा, जसं जर्मन ‘हुंडर्ट’ आणि आपलं ‘शत’. रिंगणाच्या आधी कुठे आहे ‘क’? कुठे आहे ‘श’? नियम अडचणीचा ठरला की तो गुंडाळून ठेवायचा आणि वर ‘आपली भाषा जगाची जननी’ म्हणायचं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. उलट टोकाचे लोक रिंगण इंग्रजांकडून आलं म्हणतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘रिंगण’ अस्सल मराठी शब्दांच्या पंगतीत बसलेलं आहे, ते त्यांनी एकदा बघावं.

माझं मत असं की रिंगणाचं मूळ संस्कृत ‘रिङ्ग्’ धातूत शोधावं : सरपटणं, हळूहळू पुढे सरकणं. संस्कृतात ‘रिङ्गण’ म्हणजे बाळाचं रांगणं. ‘मग रांगण्याचा आणि गोलाचा संबंध काय?’ असं विचारून मला गप्प करायचा प्रयत्न अनेकांनी केला. त्यांना मी वारीत पाठवतो. माउलींच्या पालखीचं पहिलं रिंगण होतं तरडगावजवळ, चांदोबाच्या लिंबापाशी, आणि ते उभं रिंगण असतं! वारकरी दुतर्फा उभे, मधल्या सरळ वाटेने अश्व दौडतो. गोल कुठेच नाही, तरी ते रिंगणच. कारण त्या शब्दाचा जीव चालण्या-धावण्यात आहे, आकारात नाही. गोल रिंगण म्हणताना वेगळं ‘गोल’ जोडावं लागतं, यातच सगळं आलं. कोशकारांनी ‘वर्तुळ’ हा अर्थ पहिला दिला तो खेळ आणि तमाशे बघून. वारीच्या वाटेवर ते आले असते तर क्रम उलटा लागला असता.

तेव्हा जर्मन रिंग आणि मराठी रिंगण यांचं रक्ताचं नातं नाही, पण खोड एकच : दोघांनाही गोल असण्याची सक्ती नाही.

श्ट्युबेनला स्वतःला सरळ की वाकडं हा वाद आयुष्यभर पुरला. गंमत म्हणजे त्याच्यावर तुटून पडला तो स्पर्धेतला त्याचाच जोडीदार हेन्रिची. व्हिएन्नाच्या कामिलो झिटेने १८८९ मध्ये जुन्या शहरांच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांची थोरवी गायली, आणि हेन्रिची त्या पंथात गेला. १८९३ मध्ये त्याने रस्त्यांचे दोन वर्ग केले : ‘लांगवाइलिश’ आणि ‘कुर्त्सवाइलिश’, कंटाळवाणे आणि मन रमवणारे. शब्दशः लांब वेळेचे आणि आखूड वेळेचे. सरळ रस्ता पहिल्या वर्गात, हे सांगायला नकोच. (‘वाइले’ आणि आपली ‘वेळ’ यांचंही नातं नाही, विचारण्याआधीच सांगून टाकतो.) श्ट्युबेनचं म्हणणं जास्त शहाणपणाचं होतं, असं मला वाटतं : रस्त्याला रहदारी, गटारं, ऊन-वारा आणि सौंदर्य हे सगळं सांभाळायचं असतं, तेव्हा जिथे सरळ हवा तिथे सरळ, जिथे जमीन वळते तिथे वळणाचा. झिटेचे चेले मात्र त्याला पट्टी घेऊन बसलेला कारकून ठरवून मोकळे झाले.

आणखी एक गोष्ट भाषणात जरूर घाला. १९०२ नंतर प्रशियाच्या ताब्यातल्या पोझेन शहराचे, म्हणजे आजच्या पोझ्नानचे, तट पाडायचे ठरले आणि आखणीला पुन्हा श्ट्युबेनच आला. जुन्या तटाच्या जागेवर त्याने तिथेही रिंग काढली. त्या शहराच्या मधोमध जर्मन ‘रिंग’पासूनच आलेला ‘रिनेक’ शतकानुशतकं बसलेला होता, आणि बाहेरून त्याला वेढा घालायला तोच शब्द नव्या कपड्यांत हजर झाला. पोलिश लोक त्या रस्त्याला अजून ‘रिंग श्ट्युबेना’ म्हणतात.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. ‘रिंग’ तशीच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘पाडलेल्या तटाच्या जागी काढलेला रुंद रस्ता’ असं एकदा फोडून सांगा, म्हणजे झालं. ‘बुलवार’ (झाडं लावलेला रुंद रस्ता) म्हणायचा मोह झाला तरी हरकत नाही. तो फ्रेंच शब्दही डच-जर्मन ‘बोलवेर्क’वरून, म्हणजे फळ्या-ओंडक्यांच्या तटावरूनच आलेला आहे. ‘रिंगण’ मात्र वापरू नका, श्रोते अश्व शोधत बसतील. आणि नावाचा उच्चार श्ट्युबेन. स्टबेन म्हणालात तर पुढचं भाषण कुठलाही जर्मन ऐकणार नाही.