गॉल फेस ग्रीनला पहिल्यांदा जाताय?

कोलंबोच्या या समुद्रकाठच्या मैदानावर दुपारी जाऊ नका, सावली जवळपास नाहीच. साडेचारला पोहोचा, सूर्य वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. दक्षिण टोकाच्या गॉल फेस हॉटेलपासून (१८६४) उत्तरेकडे चाला, जेमतेम अर्धा किलोमीटर. गव्हर्नर हेन्री वॉर्ड यांचा १८५९चा दगड जरूर वाचा. कोलंबोच्या बायकामुलांसाठी ही जागा जपा, असं त्यांनी आपल्यामागून येणाऱ्यांना सांगितलंय. किती मोठं मन!

खायला इस्सो वडे: डाळीच्या वड्यावर सालासकट अख्खी कोळंबी. कढईतून नुकताच काढलेलाच मागा, ढिगातला मऊ पडतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य वाऱ्याने समुद्र खवळलेला असतो. पाण्यात उतरू नका, कॅमेरा पिशवीत ठेवा, खारे तुषार काचेवर बसतात.