दक्षिण कोरियात गल्लीतल्या छोट्या हॉटेलात परदेशी माणसाने एकट्याने जावं का? हाकलून देतात असं ऐकलंय

जावं. खुशाल जावं.

तुमच्या प्रश्नातलं ते 'हाकलून देतात' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात पीएचडी करताना हेच वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. ऐकवणारे आमच्याच लॅबमधले एक सीनियर, पुण्याचे. मी त्यांना दादा म्हणायचे. दादांचं म्हणणं असं की या लोकांना आपला रंग खपत नाही, म्हणून गल्लीतल्या हॉटेलात आपल्याला घेत नाहीत, म्हणून शहाण्याने खोलीवर कुकर लावावा आणि रविवारी इंडियन रेस्टॉरंटमध्ये बटर चिकन खावं.

त्यांना पुरावा मीच पुरवला होता. आम्ही राहायचो ओउन-दोंगमध्ये. तिथे टेबलावरच डुकराचं मांस भाजायचं एक हॉटेल होतं. थंडीच्या एका संध्याकाळी एकटीच आत गेले. काउंटरवरच्या बाईंनी एक बोट वर करून 'एकटीच?' असं विचारलं. मी मान हलवली, तशी त्यांनी दोन्ही हातांची छातीपुढे फुली केली. नाही म्हणजे नाही. मी तोंड पाडून परत आले आणि दादांना हिवाळाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

पुढे त्याच हॉटेलात आमच्या लॅबमधली कोरियन मुलगी एकटी गेली. तिलाही तीच फुली! तिला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही. भाजायच्या हॉटेलात पहिली ऑर्डर किमान दोघांची घ्यावी लागते, बहुतेक ठिकाणी भिंतीवर तसं लिहिलेलंच असतं. माणूस एक असो की चार, कोळसा पेटवायचाच, पानांची टोपली, लसूण, बानचानच्या म्हणजे तोंडीलावण्यांच्या वाट्या मांडायच्याच. एकट्याच्या दीड-दोनशे ग्रॅम मांसात ते परवडत नाही. दोघांचं मागवून एकट्याने खाल्लं तर बरेच जण हसत घेतात. हे मी दादांना सांगितलं, तर म्हणाले, "ती त्यांचीच, ती असंच सांगणार." आता यावर काय बोलायचं?

एकट्याने जायचं ते बेकबानच्या खानावळीत. भात, एखादं सूप किंवा चिगे म्हणजे दाट रस्सा, आणि त्या दिवशी जे शिजलं असेल ते. माझ्या नेहमीच्या जागी टेबलाच्या कडेला खण, त्यात स्टीलचे चमचे आणि चॉपस्टिक्स. पाणी आपलं आपण घ्यायचं. भिंतीवर कोणता माल कुठला याचा तक्ता: तांदूळ देशी, कोबी देशी, मिरचीपूड चिनी. हे लिहिणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. मालकीणबाईंना सगळे 'इमो' म्हणजे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी अख्खी किमची, म्हणजे मिरची लावून आंबवलेला कोबी, कात्रीने माझ्यासमोर कापली आणि मला तिखट लागतंय का ते बघत तिथेच उभ्या राहिल्या. मी सांगलीची! वाटी चाटूनपुसून साफ केल्यावर न मागता दुसरी आली, आणि भातावर एक तळलेलं अंडं, पिवळा भाग ओलाच ठेवलेला. बिल आठ हजार वॉन. बानचान पुन्हा घेतलं तरी पैसे पडत नाहीत.

टॅक्सीवाल्यांसाठीच्या गिसा-शिकदांगही तशाच. तिथे बहुतेक गिऱ्हाईक एकटंच येतं, त्यामुळे तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. देजॉनला गेलात तर कालगुक्सू खा. हे रेल्वेच्या फाट्याचं शहर, कोरियन युद्धानंतर अमेरिकी मदतीचा गहू-मैदा इथून पुढे जायचा, म्हणून इथे गल्लोगल्ली या मैद्याच्या शेवया, असं तिथले लोक सांगतात. तिखट रश्श्यातला टोफू, म्हणजे दुबू-दुरुचिगी, संपत आला की उरलेल्या रश्श्यात याच शेवया टाकून कालवायच्या. दादा त्या शहरात वर्षानुवर्षं राहिले आणि हे न चाखता परत आले.

बारा ते एक टाळा. ऑफिसवाल्यांच्या गर्दीत चार खुर्च्यांचं टेबल एकट्याला मिळणं कठीण, आणि तीन ते पाच पुष्कळ ठिकाणी बंद असतं. दीड वाजता जा. हंगुल म्हणजे कोरियन लिपी वाचायला शिकून जा, चार दुपारी पुरतात. भिंतीवर दोन-तीनच पदार्थ लिहिलेले असतील तर डोळे मिटून आत शिरा. चार भाषांतला फोटोंचा मेनू दिसला तर पुढे चला.

हो, हे राहिलंच: तुम्ही शाकाहारी असाल तर यातलं निम्मं विसरा. 'मांस नको' म्हटलं तर डुकराचं मांस काढतात आणि शिंपले ठेवतात, त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. चिगेचं पाणी बहुधा सुक्या मासळीचं असतं, किमचीत खारवलेली कोलंबी. उन्हाळ्यात सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया, म्हणजे कोंगगुक्सू, मिळतात, डोंगरांतल्या बौद्ध देवळांजवळ रानभाज्यांचं बिबिमबाप म्हणजे कालवलेला भात मिळतो (अंडं नको म्हणून सांगा), आणि सोलमध्ये बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण देणारी हॉटेलं आहेत. पण रोजच्या गल्लीत हाल होतील. मी मासे-मटण सगळं खाते, म्हणून एवढं बिनधास्त लिहितेय.

आणि भेदभाव अजिबातच नाही असंही नाही. काही क्लब आणि बारच्या दारात परदेशी म्हणून खरोखर अडवतात, त्याच्या बातम्याही झाल्यात. तो शुद्ध भेदभावच. पण दादा क्लबला कधी गेले नव्हते. इमोकडेही आले नाहीत, मी जेवण माझ्याकडून म्हटलं होतं तरी.