वाटणीपत्राचे मधले पान कुठे आहे?

वाईहून एका वाचकाचे पत्र आहे. २००३ साली वडील आणि काका यांच्यात वाड्याची नोंदणीकृत वाटणी झाली. रस्त्याकडचा भाग काकांना गेला, मागचा यांच्याकडे आला. मागच्या न्हाणीचे पाणी पूर्वीपासून काकांच्या बोळाखालच्या चार इंची चिनी मातीच्या पाइपातून पुढच्या गटारात जाते. 'वाटणीच्याच सुमारास' यांनी घरात कमोड बसवला आणि तोही त्याच पाइपाला जोडला. मागच्या गल्लीतले गटार यांच्या जोत्याहून फूटभर उंच, म्हणून दुसरीकडे उतार मिळत नाही. आता काका नाहीत. चुलतभावाने बोळातल्या चेंबरमध्ये सिमेंट ओतून पाइप बंद केला, त्याला आठ महिने झाले. पंचाहत्तरीच्या आईला संडाससाठी शेजारी जावे लागते. विचारतात, 'आमचा हक्क आहे की नाही?'

गाव आणि नाते बदलून हेच पत्र माझ्याकडे वरचेवर येते. आईचे हाल, भावकीतली धुसफूस, काकांचा चांगुलपणा हे सगळे मी धरून चालतो. मला हवे होते ते वाटणीपत्राचे मधले पान. तुम्ही पाठवलेत पहिले, ज्यावर मुद्रांक आणि वंशावळ आहे, आणि शेवटचे, ज्यावर सह्या आणि अंगठे आहेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. मूळ दस्त सापडत नसेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढा.

का, ते सांगतो. सुविधाधिकार म्हणजे आपल्या जागेच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जागेतून वाट, पाणी नेण्यासारखा हक्क. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधल्या कलम १३ प्रमाणे एकत्र मिळकतीची वाटणी झाली की एका हिश्श्याच्या उपभोगाला दुसऱ्या हिश्श्यातून जी सोय लागते, ती दस्तात लिहिली नसली तरी मिळू शकते. त्यासाठी ती सोय उघड आणि अखंड असावी लागते आणि वाटणी अमलात आली त्या दिवशी जसा उपभोग चालू होता, तसाच पुढे चालू ठेवायला ती आवश्यक असावी लागते. जमिनीखालचा पाइप 'उघड' कसा, असे समोरचा वकील विचारेलच. त्याची धास्ती नको. जाणकाराने नीट पाहिल्यावर सापडेल अशी मोरी उघडच समजायची, हे त्याच कायद्याच्या कलम ५ खालच्या उदाहरणात आहे. बोळात चेंबरचे झाकण तर डोळ्यांसमोर आहे.

पण याच कलम १३ ला एक अट आहे: दस्तात वेगळा उद्देश व्यक्त झालेला नसावा. मधल्या पानावर 'मागील न्हाणीचे सांडपाण्याची वहिवाट पूर्वापार आहे तशी चालू ठेवणेची आहे' अशा अर्थाची ओळ असेल तर पाइपावरचा तुमचा पाय भक्कम. त्याऐवजी 'एकाचे हिश्श्यात दुसऱ्याचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही' असे असेल तर लढाई आहे. ही ओळ दस्तलेखक जवळपास प्रत्येक वाटणीपत्रात घालतो. ती मालकीपुरती आहे, वहिवाटीला लागू नाही, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेलच असे मी लिहून देणार नाही.

ओळ चांगली निघाली तरी कमोडचा प्रश्न उरतोच. न्हाणीचे पाणी वेगळे, मैला वेगळा. आपल्या घरात भर घालून शेजाऱ्याच्या जमिनीवरचा भार भरीव प्रमाणात वाढवता येत नाही, असे कलम २९ सांगते. तेव्हा 'वाटणीच्याच सुमारास' हे चालणार नाही. दस्ताच्या आधी की नंतर? कमोड आधीपासून असेल तर 'त्या दिवशीचा उपभोग' यात तोही येतो. नंतरचा असेल तर कलम १३ न्हाणीपुरतेच उरेल असे धरून चला. नगरपरिषदेतून २००२ ते २००५ चे घरपट्टीचे आकारणी उतारे काढा आणि संडासाची नोंद कोणत्या वर्षी प्रथम दिसते ते पाहा. गवंड्याचे, प्लंबिंगच्या सामानाचे एखादे जुने बिल सापडले तर फारच चांगले.

कमोड नंतरचा निघाला, तर वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो तो कलम १५ चा मार्ग राहतो. आणि इथे तुम्ही स्वतःच्या हाताने खड्डा खणून ठेवला आहे. चुलतभावाच्या नोटिशीला वकील न गाठता उत्तर दिलेत आणि त्यात लिहिलेत, 'काकांच्या परवानगीनेच जोडणी केली होती.' परवानगीने केलेली वहिवाट हक्काची होत नाही, ती वीस काय, चाळीस वर्षे चालली तरी. नोटिशीचे उत्तर म्हणजे नातेवाइकांना पाठवलेले पत्र नव्हे. आता या वाक्याचा अर्थ कसा लावून घ्यायचा यावर तुमच्या वकिलाचे दिवस जातील.

शिवाय वहिवाटीत अडथळा आल्याचे कळूनही वर्षभर गप्प बसलात तर तो खंड धरला जातो. आठ महिने गेले आहेत. 'गणपतीत सगळे जमतील तेव्हा बोलू' हे मनातून काढा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे हक्क ठरवून मागण्याचा आणि निरंतर मनाईचा दावा लावा. त्यासोबत निकालापर्यंत तात्पुरता आदेश मागणारा अंतरिम अर्ज द्या आणि जागा पाहण्यासाठी कोर्ट कमिशनर मागा. मूळ दाव्याचा निकाल कधी लागेल हे विचारू नका. आपल्याकडे पाइपाच्या दाव्यात साक्षीदार म्हातारे होतात. तुमचे खरे काम अंतरिम अर्जावर होईल, आणि त्या अर्जाच्या सुनावणीत पहिला प्रश्न येईल तो 'इतके दिवस काय करत होता?' हाच.

तोवर पहार घेऊन सिमेंट फोडायला जाऊ नका. अडथळा बेकायदा असला तरी तो स्वतः काढण्याची मुभा तुम्हाला नाही. कलम ३६ त्यासाठीच आहे. दुरुस्तीसाठी आत शिरण्याचा हक्क वेगळा, आणि तोही आधी सुविधाधिकार सिद्ध झाल्यावर.

चुलतभावाची बाजूही पोकळ नाही. प्लंबरने कमोडचा पाइप जुन्या पाइपात दोन काटकोनी बेंड टाकून घुसवला आहे, हे तुम्हीच पाठवलेल्या फोटोत दिसते. तिथे तुंबणारच, आणि वर येणार त्याच्या बोळात. दुरुस्तीअभावी त्याच्या जागेचे नुकसान झाले असेल तर भरपाई कलम २६ प्रमाणे तुमच्या अंगावर येते. दाव्यात त्याने ती मागितली तर नवल वाटू देऊ नका.

म्हणून दावा दाखल करून मग तडजोडीचे बोला, आधी नाही. त्याला नवा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप द्या. चाळीसाला एक उतार धरला तर वीस फुटांच्या बोळात सहा इंच लागतात, तेवढे आहेत का ते आधी मोजून घ्या. चेंबर कोण साफ करणार, खर्च कोणाचा, बोळ उकरल्यावर फरशी कोण बसवणार हे नकाशासह दस्तात लिहा आणि दस्त नोंदवा. या वेळी मधली पाने सह्यांच्या आधी वाचा.